मधल्या खंडाची नायिका

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे काही वर्षे काढलेल्या माणसाला, कादंबरीच्या दुसऱ्या खंडासाठी आलेला वाचक दारातच ओळखू येतो. पहिला खंड नेणारा कपाटांपुढून रेंगाळतो, एखादे पुस्तक काढून मलपृष्ठ चाळतो, ते पुन्हा जागेवर (बहुधा भलत्याच जागेवर) ठेवतो, आणि अखेर हाती लागेल ते घेऊन नोंदीसाठी येतो. दुसऱ्या खंडाचा वाचक मात्र कपाटांकडे ढुंकूनही न पाहता सरळ टेबलाशी येऊन उभा राहतो, आणि थकबाकी वसूल केल्यावाचून न हलणाऱ्या सावकाराची शांत चिकाटी त्याच्या मुद्रेवर असते. तालुक्याच्या गावी नगर वाचनालयात मी उमेदवारी केली, तेव्हा ही चिकाटी रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांच्या वाचकांत पाहिली होती. पुढे संसाराच्या ओघात अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या राजधानीत, सेंट पॉल येथे, सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेत रुजू झाले, तेव्हा तीच चिकाटी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या ठायी पाहिली. फरक इतकाच की अर्नाळकरांच्या वाचकाला झुंजार हवा असे, आणि या मुलींना हवा होता वृकमानव. म्हणजे ज्याला तिकडे वेअरवुल्फ म्हणतात, तो कधी माणूस आणि कधी लांडगा असणारा प्राणी.

शाखेतील किशोर विभागाचा जिम्मा माझ्याकडे होता. अमेरिकेतील ग्रंथालयांत तेरा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी निराळी कपाटे ठेवण्याची परंपरा जुनी आहे, आणि त्या परंपरेच्या एक आद्य प्रवर्तक, बाल्टिमोरच्या ईनॉक प्रॅट ग्रंथालयातील मार्गारेट एडवर्ड्स, यांचा आग्रह असे की या वयाच्या मुलामुलींना पुस्तक सुचवणाऱ्याने ते आधी स्वतः वाचलेले असले पाहिजे. आमच्या शाखाप्रमुखांनी हा आग्रह शिरस्ता म्हणून पाळला होता. त्यामुळे प्रेमकथा, भूतकथा, ड्रॅगन आणि अंतराळयाने यांतून माझी वाट रोज जात असे, आणि ती कंटाळवाणी आहे असे मला कधीही वाटले नाही. ज्या मुलीने परीक्षेच्या आदल्या रात्री उशीखाली अर्नाळकरांचा काळापहाड लपवून वाचला, तिने पुढे वयाने थोर झाल्यावर वृकमानवांपुढे नाक मुरडणे शोभलेही नसते.

स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट'ने 2005 साली या कपाटांचा रंगच बदलून टाकला होता. पाठीला पाठ लावून काळ्या वेष्टनांच्या रांगा उभ्या राहिल्या. आधी रक्तपिपासू व्हॅम्पायर आले, आणि 2006 च्या 'न्यू मून'पासून त्यांच्या मागोमाग लांडगे आले. या साऱ्या गर्दीत नायिका पुष्कळ होत्या, परंतु त्यांपैकी बऱ्याच जणींचे मुख्य काम कोणीतरी येऊन आपणांस वाचवीपर्यंत धोक्यात राहणे हे होते. मॅगी स्टीफव्हॅटर यांची 'शिव्हर' आणि तिचा दुसरा भाग 'लिंगर' या 2009 आणि 2010 च्या कादंबऱ्यांना आमच्याकडे विशेष मागणी असे, कारण त्यांतील काल्पनिक गाव मिनेसोटातलेच आहे, आणि थंडी पडली की माणसाचा लांडगा व ऊब आली की लांडग्याचा माणूस ही त्यांतली योजना, जेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकतो त्या प्रदेशातील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पण मला स्वतःला ज्या उत्तरखंडाने खरा आनंद दिला तो अँड्रिया क्रीमर यांचा 'वुल्फ्सबेन'. हा त्यांच्या 'नाइटशेड' या 2010 च्या कादंबरीचा पुढचा भाग. लेखिका आमच्याच शहरातील मॅकॅलेस्टर महाविद्यालयात इतिहासाच्या अध्यापिका होत्या, ही गोष्ट मुलींना माझ्या आधी ठाऊक होती.

पुस्तक जुलै 2011 मध्ये आले. त्या महिन्यात अंदाजपत्रकाच्या भांडणापायी मिनेसोटा राज्यसरकारचा कारभार सुमारे तीन आठवडे बंद पडला होता. राज्याची उद्याने कुलूपबंद होती. आमचे ग्रंथालय शहराच्या अखत्यारीतले, म्हणून उघडे होते, आणि थंडगार होते. सबब उन्हाने व सुटीने त्रासलेली सगळी मुले आमच्या पदरी पडली होती. 'वुल्फ्सबेन'साठी राखीव मागणीची यादी पुस्तकाच्या दाखलनोंदीपूर्वीच लांबली होती. कर्मचाऱ्याने यादी मोडून स्वतः आधी पुस्तक न्यायचे नाही असा दंडक असल्यामुळे मी ते दुपारच्या सुटीत, मागच्या खोलीत, वेष्टनावर प्लॅस्टिकचे आवरण चढवण्यासाठी आलेल्या प्रतींतून तुकड्यातुकड्यांनी वाचले.

पूर्ववृत्त सांगणे प्राप्त आहे. कॅला टॉर ही कोलोरॅडोतील व्हेल नावाच्या डोंगराळ गावी राहणारी मुलगी. ती जन्मतःच दोन्ही आहे, माणूसही आणि पांढरीशुभ्र लांडगीही, आणि ती स्वेच्छेने रूप पालटते. 1941 च्या 'द वुल्फ मॅन' या चित्रपटाने व त्याच्या पुढच्या भागांनी लोकांच्या मनात घट्ट बसवलेली पौर्णिमेची आणि चांदीची भानगड येथे नाही. तिचे कूळ 'कीपर्स' नामक मांत्रिक धन्यांच्या पिढीजाद चाकरीत आहे. धन्यांच्या पवित्र स्थळांचे रक्षण करायचे, त्यांच्या शत्रूंना फाडायचे, आणि मोबदल्यात घर, पैसा आणि उत्तम शाळा पदरात पाडून घ्यायची, असा हा करार आहे, आणि करारावर सही कोणाची हे विचारण्याची मुभा नाही. दोन कळपांच्या प्रमुखांची मुले, ही कॅला आणि तिकडला रेन लारोश, यांचा विवाह ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री व्हावा व त्यातून एक नवा कळप सिद्ध व्हावा, असे धन्यांचे फर्मान आहे. वधूने तोवर निष्कलंक राहावे. वराच्या लीलांकडे मात्र सर्वांनी डोळेझाक करावी. कॅलाची आई तिला घागरे घालण्याचा, आवाज खाली ठेवण्याचा आणि होणाऱ्या नवऱ्याला खूश ठेवण्याचा उपदेश करते.

कोलोरॅडोतल्या त्या आईचा उपदेश वाचताना मला कोलोरॅडो दिसेचना. दिसत होती ती आमच्या गावची माजघरे. आमच्या वाङ्मयात तर या विषयाचे ठाण फार पूर्वीपासून आहे. देवलांची 'शारदा' रंगभूमीवर आली ती 1899 साली, आणि जरठ भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाऊ पाहणारी ती पोर आजही मराठी मनाच्या सहानुभूतीची हक्कदार आहे. परंतु क्रीमर यांनी एक गोष्ट देवलांहून अवघड करून ठेवली आहे, आणि ती माझ्या मते या मालिकेतील सर्वांत धूर्त योजना होय. त्यांचा नियोजित वर म्हातारा नाही. तो देखणा आहे, शूर आहे, प्रसंगी उमदा आहे, आणि कॅलावर त्याचे खरेच प्रेम आहे. वर कुरूप वा दुष्ट असता तर नकार सोपा झाला असता, वाचकाने टाळी दिली असती आणि प्रश्न मिटला असता. येथे वरात खोट काढता येत नाही; म्हणून खोट कोठे आहे हे शोधत शोधत वाचकाला त्या फर्मानापर्यंत जावे लागते. निवड कदाचित तिनेही हीच केली असती. पण तिला कोणी विचारलेच नाही. या न विचारण्याच्या अपमानावर, शे नावाच्या एका सामान्य मुलाला अस्वलाच्या तावडीतून सोडवण्याच्या निमित्ताने, 'नाइटशेड'ची सारी रचना उभी आहे. आणि कादंबरीचा शेवट, अपेक्षेप्रमाणे, लग्नाच्या रात्री शेसह पळून जाण्यात होतो.

पळून जाणाऱ्या नायिका सर्व वाङ्मयांत आहेत आणि सर्व वाङ्मयांत त्यांची कथा वेशीपाशी संपते. मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, रिकाम्या बोहल्यापुढे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला कोणी काय विचारले, मैत्रिणींना कोणी कोंडले, आईला काय भोगावे लागले, याची चौकशी कथा करीत नाही, कारण तशी ती केली तर पलायनाचा आनंद टिकत नाही. 'वुल्फ्सबेन' नेमकी ही चौकशी करते. कॅला डोळे उघडते ती जन्मभर ज्यांना शत्रू मानले त्यांच्या ठाण्यात, जखमी आणि कळपावाचून एकाकी. प्रियकर तिच्याजवळ आहे, सुरक्षित आहे, आणि प्रेमकथेच्या हिशेबाने आता काही मागण्याचे कारण उरलेले नाही. परंतु तिचा पहिला, दुसरा आणि तिसरा विचार मागे राहिलेल्या कळपाचा असतो. शत्रू तिच्याकडे कराराची बोलणी घेऊन येतात तेव्हा ती मदतीच्या बदल्यात एकच गोष्ट मागते: माझी माणसे परत आणायला चला. हे मागताना ती आर्जव करीत नाही आणि डोळ्यांत पाणीही आणत नाही. माणसे किती, ठिकाण कोणते, वाट कोठून, असा तपशील मांडते, एखाद्या अनुभवी मामलेदाराने मांडावा तसा, आणि हा तपशील वाचताना मला जो आनंद झाला तो पुढच्या कोणत्याही चुंबनप्रसंगाने झाला नाही.

मधल्या खंडाचे दैव मोठे विचित्र असते. पहिल्याकडे नवलाई असते, तिसऱ्याकडे शेवट असतो, आणि मधल्याला दोघांचे ओझे वाहून स्वतःचे असे काही मिळत नाही. म्हणून बहुतेक मधले खंड पोकळ निघतात. हा खंड भरीव झाला तो लेखिकेच्या मूळ पेशामुळे, असा माझा कयास आहे. इतिहास शिकवणाऱ्या बाईने येथे नायिकेला तलवार देण्यापूर्वी दुसरा इतिहास दिला आहे. शत्रूच्या ठाण्यात कॅलाला आपल्याच कुळाची हकीकत नव्याने ऐकावी लागते. जी युद्धे धर्मयुद्धे म्हणून पाठ केली होती त्यांची बाजू उलटते, आणि रेनच्या आईचा जीव शत्रूंनी नव्हे, खुद्द धन्यांनीच घेतला होता याचा अर्थ पुरता उमगतो. आपला इतिहास आपल्या मालकांनी लिहिला आहे हे कळण्याचा तो क्षण एका तरुण मुलीच्या प्रणयकथेत इतक्या सहजपणे ठेवलेला पाहून मी आवरण चढवण्याचे काम थांबवून काही वेळ नुसती बसून राहिले. पहिल्या खंडातही धन्यांच्या वाड्यात एक ग्रंथ असतो, आणि तो वाचणाऱ्या चाकराला देहान्त शासन असते. त्याचे नाव इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या सुप्रसिद्ध सिद्धान्तावरून घेतलेले आहे, सर्वांचे सर्वांविरुद्ध युद्ध. आणि माणूस माणसाला लांडगा होतो ही जुनी लॅटिन उक्ती 1642 च्या 'दे सीवे'च्या अर्पणपत्रिकेत वापरणाराही तोच हॉब्ज, हे ज्याला ठाऊक आहे त्याला लेखिकेची गालातल्या गालातली थट्टा ऐकू येते. ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या कोणालाही निषिद्ध पुस्तकाचा हा मामला आवडल्यावाचून राहणार नाही.

या खंडातील एक शिक्षा मात्र मला अजून अस्वस्थ करते. कॅलाचा धाकटा भाऊ अॅन्सेल धन्यांच्या हाती सापडतो, आणि बहिणीच्या अपराधाबद्दल ते त्याचे लांडगेपण काढून घेतात. त्याला केवळ माणूस करून सोडतात. वृकमानवाच्या कथांची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यात शिक्षा नेहमी उलट दिशेने जाते. ग्रीकांचा राजा लायकेऑन देवाला नरमांस वाढतो आणि शिक्षा म्हणून लांडगा होतो. बाराव्या शतकातील मारी द फ्रान्स या कवयित्रीच्या 'बिस्क्लाव्हरे'त सरदाराची पत्नी त्याची वस्त्रे चोरवते आणि तो वनात लांडगा होऊन अडकतो. माणूसपण हे वरचे, पशुपण हे खालचे, आणि अधःपात म्हणजे वरून खाली पडणे, हे गृहीत त्या साऱ्या कथांना समान आहे. क्रीमर यांनी हे गृहीतच उलथून टाकले. अॅन्सेलला चालता-बोलता येते, खाता येते, त्याचा एकही अवयव गेलेला नाही. आणि तरी त्याच्याकडे पाहणारा प्रत्येकजण शरमेने मान फिरवतो, कारण जे नेले आहे ते अर्धे अंग आहे. माणूस असणे ही शिक्षा होऊ शकते, हे सांगणारी कथा मी तोवर वाचलेली नव्हती.

राखीव यादीत पहिले नाव ज्या मुलीचे होते ती हमोंग होती. लाओसमधील युद्धानंतर, 1975 पासून पुढे, हमोंग निर्वासितांची मोठी वस्ती सेंट पॉलमध्ये झाली, आणि आमच्या शाखेच्या खातेदारांत त्यांची नावे पानोपानी असत. ही मुलगी घरातील थोरली. ती कधी एकटी येतच नसे. पुस्तक परत करताना तिच्या कमरेला एक भाऊ लटकलेला असे आणि दुसरा यंत्रातून निघणाऱ्या पावतीची सुरळी करून तोंडात घालण्याच्या बेतात असे. ती माझ्याशी बोलता बोलता, त्याच्याकडे न पाहता, हात मागे नेऊन ती सुरळी काढून घेई आणि स्वतःच्या खिशात टाकी. तिला मी विचारले की कॅलाचे तुला काय आवडले, ती बलवान आहे हे का? मुलीने मान हलवली. बळ तर पुस्तकात सगळ्यांनाच आहे, ती म्हणाली. कॅला थोरली आहे. तिने काही केले तर त्याचा जाब भावाला द्यावा लागतो, आणि हे तिला कधीच विसरता येत नाही. मग, मी सुरळीकडे पाहिले हे लक्षात येऊन असेल, ती हसली आणि म्हणाली की आमच्या आजीच्या गोष्टींत लांडगा नसतो, वाघ असतो; तो नवऱ्याला खाऊन त्याचे कपडे चढवून संध्याकाळी घरी येतो, आणि बायकोने त्याला ओळखायचे असते. आजीच्या मताने शूर बाई म्हणजे ती, जी ओळखल्याचे तोंडावर दिसू न देता मुलांना घेऊन माळ्यावर चढते.

समीक्षेच्या पुस्तकांतून बलवान नायिकेची चर्चा मी पुष्कळ वाचली आहे. तिने शस्त्र उचलावे की नाही, तिने प्रेमात पडावे की नाही, पडल्यावर किती पडावे, यावर पाने खर्ची पडली आहेत. थोरलेपणाचा हा निकष त्यांत मला आढळला नव्हता.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही उभयता इलीला गेलो. इली हे मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळचे छोटे गाव. तेथे 1993 पासून आंतरराष्ट्रीय वृक केंद्र आहे. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ज्या एका राज्यातून करडा लांडगा कधीच समूळ नाहीसा झाला नाही ते मिनेसोटा; 1965 पर्यंत येथे लांडगा मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळे, 1974 साली कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि आता संख्या अडीच-तीन हजारांच्या घरात असते. केंद्राच्या मोठ्या काचेपलीकडे सरकारी परवान्याने पाळलेले लांडगे राहतात. मी पाहिले तेव्हा त्यांतील एक काचेलगत, सावलीत, कुशीवर पडला होता. त्याचे पाय शरीराच्या मानाने फार लांब होते आणि छाती इतकी अरुंद की समोरून पाहिल्यास प्राणी कडेवर उभा केल्यासारखा वाटावा. हिवाळी लोकरीचे उरलेले पुंजके मांडीवर लोंबत होते, डासांमुळे कान सारखा फडफडत होता, आणि पिवळसर डोळे आमच्यावरून, आम्ही काचेचाच भाग असल्याप्रमाणे, पलीकडे जात होते. कोणत्याही कादंबरीकाराने या प्राण्याला प्रणयाच्या कामी नेमले असते असे त्याच्याकडे पाहून वाटले नाही.

परंतु तेथे जे ऐकले व नंतर ग्रंथालयात येऊन 599.773 या वर्गांकाच्या कपाटातून पडताळून पाहिले, त्याने कादंबरीतील एक गाठ सुटली. कळपाचा 'अल्फा', म्हणजे लढून अव्वल हुद्दा मिळवणारा व तो दातांच्या बळावर राखणारा नायक, ही कल्पना या साऱ्या वृककथांचा कणा आहे. तिचा उगम रुडॉल्फ शेन्केल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 साली मांडलेल्या निष्कर्षांत आहे. ते लांडगे बंदिस्त होते आणि माणसांनी एकत्र कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या ग्रंथाने ही कल्पना घरोघर पोहोचवली. आणि त्याच मेक यांनी, रानातले लांडगे वर्षानुवर्षे जवळून पाहिल्यावर, 1999 मध्ये लिहिले की मोकळ्या रानातील कळप म्हणजे सामान्यतः एक कुटुंब असते, त्याचे म्होरके म्हणजे आईबाप असतात, आणि हुद्द्यासाठी तेथे झुंजी होत नाहीत. गेल्या साली जन्मलेली थोरली पोरे नव्या पिलांना सांभाळतात. वृक केंद्राची स्थापनाही मेक यांच्याच पुढाकाराने झाली आहे.

आता 'नाइटशेड' पुन्हा पाहा. कळप कोणाचा, त्यात कोण, जोडी कोणाची कोणाशी, हे सारे ठरवतात धनी. म्हणजे व्हेलचे ते कळप हे बाझेलच्या पिंजऱ्यातलेच कळप आहेत; तेथे अल्फा असणारच, हुद्दे असणारच, कारण परक्यांना एका कुंपणात कोंडल्यावर दुसरी कोणती व्यवस्था उभी राहणार? आणि 'वुल्फ्सबेन'मध्ये, कुंपण तुटल्यावर, कॅला हळूहळू अल्फापणाची भाषा सोडून देत जाते. माणसे परत आणताना ती कोणाला हुकूम करीत नाही. मॅसन आणि नेव्ह या मित्रांना सोडवते तेव्हा ते तिच्या मागे येतात, पण तिच्या हुद्द्यामुळे येत नाहीत. लेखिकेने मेक वाचला होता की नाही, हा तपास माझ्या कक्षेबाहेरचा आहे. पण त्या हमोंग मुलीने तोवर मेक वाचलेला नव्हता, आणि तिने तेच सांगितले होते.

दोष नाहीत असे नाही, आणि ते झाकण्याचे मला कारण नाही. रेन की शे, या दोलकावर लेखिकेने नायिकेला वाजवीपेक्षा पुष्कळ जास्त झोके दिले आहेत. प्रत्येक आलिंगनाच्या ऐन वेळी कोणीतरी दार ठोठावते, आणि ते तिसऱ्यांदा ठोठावले जाते तेव्हा दाराबाहेर लेखिकाच उभी आहे हे वाचकाला कळते. नवी पात्रे एकदम इतकी येतात की त्यांची हजेरीपटावर नोंद ठेवावी. एका मुलीला अवकाशाचे धागे विणून हव्या त्या ठिकाणचे दार उघडता येते ही योजना सुंदर असली, आणि ती विणकरीण, एड्नी, मला कॅलाच्या खालोखाल आवडली असली, तरी तिच्यामुळे प्रवासाचे सारे कष्ट संपतात आणि कष्टांबरोबर थोडे भयही संपते. या खंडात एक बाप मरतो. तो कोण आणि कोणापुढे, हे मी सांगत नाही, कारण अजून पुस्तक न वाचलेल्यांचा रसभंग करणे हा आमच्या पेशात गंभीर गुन्हा आहे. त्या मृत्यूची पाने मात्र कोणत्याही थोर कादंबरीशेजारी ठेवावीत अशी आहेत, आणि त्यांत प्रणयाचा लवलेश नाही.

तिसरा खंड, 'ब्लडरोझ', जानेवारी 2012 मध्ये आला, आणि त्याच महिन्यात सरकारने मिनेसोटातील लांडग्यांचे संरक्षण काढून घेतल्याचा हुकूम अमलात आला. शरदात शिकारीचे 6,000 परवाने सोडतीने वाटले गेले. वर्षभर आमच्या टेबलापाशी लांडग्यांची दोन प्रकारची मागणी एकाच वेळी नोंदवली जात होती; एकीकडे काळी वेष्टने घेऊन जाणाऱ्या मुली, आणि दुसरीकडे उत्तरेकडच्या गोठ्यांतील वासरांचा हिशेब मांडणारे, किंवा त्यांच्याशी तावातावाने भांडणारे, प्रौढ. मी सरळ दोन्ही प्रकारची पुस्तके दर्शनी मांडणीवर शेजारी शेजारी लावली. शाखाप्रमुखांनी भुवई उंचावली, पण हरकत नोंदवली नाही. एका दाढीवाल्या गृहस्थांनी मेक न्यायला हात घातला आणि, बायकोसाठी म्हणून, 'नाइटशेड'ही उचलली. ती त्यांनी मुदत वाढवून घेऊन ठेवून घेतली, एवढे मी पाहिले.

माझ्या हमोंग वाचकीणबाईंनी त्या मांडणीवरून मेक उचलला. परत आणला तेव्हा त्यात पावत्यांच्या सुरळ्यांच्या खुणा होत्या, आणि तिच्याकडे एक तक्रार होती. पूर्ण वाढलेला लांडगा एका बैठकीत नऊ-दहा किलो मांस खाऊ शकतो, असे शास्त्रज्ञ लिहितात. मग कॅला रात्री शिकार करून आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत आईने घेतलेला तो घागरा तिला होतो कसा? तीन खंडांत याचे उत्तर कोठेही नाही, तिने ते तपासून पाहिले होते. मी म्हटले, लेखिका याच शहरात शिकवतात, त्यांनाच पत्र लिही. तिने कागद मागितला, धाकट्याला खुर्चीवर बसवले, आणि तेथेच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत अभिनंदन घालावे की थेट मांसाचा हिशेब, एवढेच तिने मला विचारले, आणि मी हिशेब म्हणाले.